कृत्याचा पुरावा आणि सरोजिनी नगरचा अनुत्तरित प्रश्न

दिल्लीतील सरोजिनी नगर ही मूळची केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. पूर्वी विनयनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागाने स्वातंत्र्यानंतरच्या काळात देशाच्या सर्व प्रांतांतून आलेल्या कारकुनांना, लघुलेखकांना आणि अधिकाऱ्यांना निवारा दिला. त्यांत मराठी कुटुंबेही होती. वसाहतीलगतचा बाजार पुढे स्वस्त कपड्यांसाठी साऱ्या राजधानीत प्रसिद्ध झाला. २९ ऑक्टोबर २००५ च्या शनिवारी दिवाळी तीन दिवसांवर आली होती आणि ईद आठवड्यावर. त्या सायंकाळी पहाडगंज, गोविंदपुरीजवळची दिल्ली परिवहन महामंडळाची एक बस आणि सरोजिनी नगरचा बाजार अशा तीन ठिकाणी थोड्या थोड्या अंतराने स्फोट झाले. साठहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, दोनशेच्या आसपास जखमी झाली. सर्वाधिक बळी सरोजिनी नगरात गेले. बसमधील बेवारस पिशवीचा संशय येताच ती बाहेर फेकणाऱ्या चालकाने स्वतःची दृष्टी गमावली, पण प्रवासी वाचले.

त्यानंतरच्या महिन्यात तीन काश्मिरी तरुणांना अटक झाली. खटला पतियाळा हाऊस येथील सत्र न्यायालयात चालला आणि निकाल लागला तो १६ फेब्रुवारी २०१७ रोजी. दोघांची सर्व आरोपांतून निर्दोष मुक्तता झाली. तिसऱ्याला तपास यंत्रणेने सूत्रधार म्हटले होते. त्याचाही स्फोटांशी संबंध सिद्ध झाला नाही. मात्र बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमाच्या, म्हणजेच ‘यूएपीए’च्या, कलम ३८ व ३९ खाली तो दोषी ठरला. दहशतवादी संघटनेशी संबंध ठेवणे आणि तिला साहाय्य करणे या अपराधांची ही कलमे आहेत. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तिघेही तोवर अकरा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होते. म्हणजे सुनावण्याआधीच ती शिक्षा भोगून संपली होती.

या निकालाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. साठहून अधिक माणसांच्या मृत्यूबद्दल या खटल्यात कोणीही दोषी ठरले नाही. जो एक दोषी ठरला, तो बॉम्ब ठेवल्याबद्दल किंवा ठेवायला लावल्याबद्दल नव्हे, तर एका संघटनेशी असलेल्या संबंधाबद्दल. ‘तू काय केलेस?’ या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, ‘तू कोणाचा?’ या प्रश्नाला मिळाले. फौजदारी कायद्याच्या दृष्टीने हे दोन प्रश्न मुळातच निराळे आहेत. त्यांतला पहिला मागे पडून दुसरा पुढे येऊ लागला की आरोपीबरोबर पीडिताचेही नुकसान होते, हे सांगण्यासाठी हा लेख.

कृत्याची अट कशासाठी?

फौजदारी कायदा दोन पायांवर उभा आहे. एक, अपराधी कृत्य. दुसरा, त्यामागचे सदोष मन. विधी महाविद्यालयांत ‘ॲक्टस रिअस’ आणि ‘मेन्स रिया’ या लॅटिन नावांनी ही जोडी शिकवली जाते. सामान्य चर्चेत हेतूला फार महत्त्व मिळते. पण क्रमाने पाहता कृत्य आधी येते. कृत्य नसेल तर हेतूची चौकशी करण्याचा अधिकारच राज्यसंस्थेला प्राप्त होत नाही. मनातल्या मांड्यांनी जसे कोणाचे पोट भरत नाही, तसा मनातल्या सूडाने कोणाचा जीव जात नाही.

या अटीमागे तीन कारणे आहेत. पहिले स्वातंत्र्याचे. माणसाच्या विचारांवर सत्ता चालवू लागलेल्या राज्याला पुढे कोणतीच सीमा उरत नाही. दुसरे पुराव्याचे. कृत्याला स्थळ असते, काळ असतो, साक्षीदार असतात; म्हणून ते सिद्ध करता येते आणि खोडूनही काढता येते. तिसरे कारण माणसाच्या मनाविषयीचे आहे. विचार आणि कृती यांच्यामध्ये माघारीची वाट असते आणि ती शेवटच्या क्षणापर्यंत मोकळी ठेवणे समाजाच्या हिताचे असते.

हे तिसरे कारण आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून चांगले उमगते. १९६१ साली पंजाबातून भाताची पोती घेऊन दिल्लीकडे निघालेला एक ट्रक समालखा नाक्यावर अडवला गेला. त्या वेळी परवान्याशिवाय भात राज्याबाहेर नेण्यास मनाई होती. मलकियत सिंग प्रकरणाच्या १९६८ मधील निकालात न्यायालयाने म्हटले की ही केवळ तयारी होती, प्रयत्न नव्हे. कारण राज्याची सीमा अजून दूर होती आणि आरोपींना विचार बदलून माघारी फिरता आले असते. दुसरे प्रकरण महाराष्ट्राचे. १९६८ मध्ये वसईच्या खाडीलगत रात्रीच्या वेळी एक जीप आणि एक ट्रक पकडले गेले. त्यांत चांदीच्या लगडी दडवलेल्या होत्या आणि खाडीत यांत्रिक बोटीचा आवाज ऐकू आला होता. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मोहम्मद याकूब या खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हा तस्करीचा प्रयत्नच ठरवला. दोन्ही ठिकाणी हेतू संशयास्पदच होता. फरक पडला तो कृत्य किती पुढे गेले होते यामुळे.

अर्थात, कृत्य म्हणजे हातापायांची हालचालच असे कायदा मानत नाही. मेकॉलेच्या नेतृत्वाखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये तयार केलेल्या मसुद्यापासूनच, कायद्याने बंधनकारक असलेले कर्तव्य न करणे हेही कृत्यात धरले गेले. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२ मधून ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आले आहे. बाळाला उपाशी ठेवणारा पालक काहीच ‘करत’ नाही, तरी तो अपराधी असतो. शस्त्र जवळ बाळगणे ही हालचाल नव्हे, अवस्था आहे. तरी तो गुन्हा आहे. पण तेथेही १९९३ च्या मुंबई स्फोटांच्या संदर्भात संजय दत्त प्रकरणी घटनापीठाने १९९४ मध्ये स्पष्ट केले की ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे. आपल्याजवळ काय आहे हे माहीत असले पाहिजे.

फौजदारी कटाचेही तसेच. १९१३ साली दंड संहितेत घातलेल्या कलम १२०-अ नुसार गुन्हा करण्याचा करार हाच गुन्हा ठरला. करार ही मात्र दोन मनांची घटना आहे. ती घडल्याचे दाखवावे लागते. राजीव गांधी हत्या खटल्यात विशेष न्यायालयाने सर्व २६ आरोपींना फाशी सुनावली होती. मे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांपैकी १९ जणांना हत्या व कटाच्या आरोपांतून मुक्त केले. मुख्य आरोपींशी ओळख होती, येणेजाणे होते, काहींना आसराही दिला गेला होता. पण एवढ्यावरून हत्येच्या करारात ते सामील होते असे होत नाही, ही त्यामागची भूमिका होती. माजी पंतप्रधानांच्या हत्येच्या खटल्यातही न्यायालयाने हा उंबरठा खाली आणला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

‘असणे’ हाच गुन्हा

कृत्याची अट बाजूला सारून माणसाच्या अस्तित्वालाच गुन्हा ठरवण्याची परंपराही आपल्याकडे तितकीच जुनी आहे. ठगांचे गुन्हे सिद्ध करणे कंपनी सरकारला जड जात होते. वाटसरू गायब होत, प्रेते सापडत नसत, साक्षीदार उरत नसत. त्यावर १८३६ च्या तिसाव्या कायद्याने उपाय काढला. एखादा इसम ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. मग ते टोळीत असणे हा कायदा होण्यापूर्वीचे असो वा नंतरचे. कोणता खून, कोणत्या दिवशी, कोणाचा, हे सांगण्याची गरज राहिली नाही. पुढे दंड संहितेच्या कलम ३११ मध्ये ‘जो ठग असेल’ त्याला जन्मठेप सांगितली गेली. ‘जो अमुक करील’ अशा शब्दांनी भरलेल्या संहितेत ‘जो असेल’ हे शब्द वेगळे उठून दिसतात. ते कलम दीडशेहून अधिक वर्षे कायद्यात राहिले. नव्या न्याय संहितेत ते वगळले गेले.

त्याच विचाराची पुढची पायरी म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. तेथे टोळीचीही गरज उरली नाही; जन्म पुरेसा झाला. १९११ च्या कायद्यानंतर त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यातही वाढली. पारधी, कैकाडी यांसारख्या समाजांवर हजेरीची सक्ती आली, सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची वसाहत उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि हे समाज ‘विमुक्त’ म्हणवले जाऊ लागले. परंतु चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या पालावर जाण्याची पोलिसी सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही, हे महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

दिल्ली आणि महाराष्ट्र यांना जोडणारे आणखी एक उदाहरण आहे. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा राजधानीतही लागू करण्यात आला. या कायद्यातील ‘भीक मागणे’ या व्याख्येत, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटेल अशा स्थितीत सार्वजनिक जागी फिरणे किंवा थांबणेही समाविष्ट होते. हात पसरण्याचीही आवश्यकता नव्हती. गरीब दिसणे पुरे होते. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी या कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या.

या तिन्ही कायद्यांत एक समान धागा आहे. प्रत्येक वेळी प्रशासनासमोर खरी अडचण होती: ठगांना साक्षीदार नव्हते, भटक्यांचा माग लागत नव्हता, शहरात भिकाऱ्यांचे काय करावे हे कळत नव्हते. प्रत्येक वेळी तपास सुधारण्याऐवजी व्याख्या सैल केली गेली. प्रशासनात दीर्घकाळ घालवलेल्या माणसाला हा मोह परका नसतो. व्याख्या बदलायला एक मसुदा पुरतो. तपास सुधारायला माणसे, प्रशिक्षण, प्रयोगशाळा आणि वर्षे लागतात.

सदस्यत्वाचा प्रश्न

संघटनेचे सदस्यत्व हा गुन्हा करण्याची सुरुवात १९०८ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाने झाली. बेकायदा ठरवलेल्या संघटनेचा सदस्य असणे यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होती. सविनय कायदेभंगाच्या काळात काँग्रेसच्या समित्या बेकायदा ठरवून हाच कायदा वापरला गेला. स्वतंत्र भारतात १९६७ च्या यूएपीएने ही कल्पना पुढे नेली. ‘टाडा’ कायद्यात १९९३ मध्ये दहशतवादी टोळीच्या सदस्यत्वाचे वेगळे कलम आले. २००४ मध्ये ‘पोटा’ रद्द करताना यूएपीएत दुरुस्ती झाली आणि कलम ३८ व ३९ आली. सरोजिनी नगरचा स्फोट झाला तेव्हा या कलमांना जेमतेम वर्ष झाले होते.

राज्यसंस्थेची बाजू येथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. दहशतवादी संघटना म्हणजे खुनाचा एकेक प्रसंग नव्हे. ती पैसा, निरोप, आसरा, कागदपत्रे यांची साखळी असते. बॉम्ब ठेवणारा शेवटचा माणूस पकडेपर्यंत थांबायचे तर बाजार उद्ध्वस्त होऊन गेलेला असतो. शिवाय संघटनेत सामील होणे हेही एक कृत्यच आहे, आणि तिच्यावर बंदी घातली गेल्याचे ठाऊक असूनही तिच्यात राहणे हा जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे. हा युक्तिवाद वजनदार आहे. कोणतेही जबाबदार सरकार तो टाकून देऊ शकणार नाही.

न्यायालयेही या प्रश्नावर एका जागी स्थिर राहिलेली नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये अरूप भुयान विरुद्ध आसाम राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने टाडाचे कलम वाचताना म्हटले की बंदी असलेल्या संघटनेचे केवळ निष्क्रिय सदस्यत्व हा गुन्हा होत नाही. हिंसा केली पाहिजे, तिला चिथावणी दिली पाहिजे किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजवली पाहिजे. २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा दृष्टिकोन चुकीचा ठरवला. यूएपीएचे कलम १०(अ)(१) वैध ठरवून, संघटना रीतसर बेकायदा जाहीर झाल्यावरही जो तिचा सदस्य राहतो तो शिक्षेस पात्र आहे, असे या पीठाने म्हटले.

कायद्याच्या इतिहासात असा हेलकावा नवा नाही. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवरील पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले होते की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. सरकारविषयी प्रेम नसणे एवढेही पुरे. दंगा झाला की नाही याला महत्त्व नाही. १९४२ मध्ये फेडरल न्यायालयाने अव्यवस्थेकडे झुकणारे कृत्य हवे अशी अट घातली. १९४७ मध्ये सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने स्ट्रॅची यांचाच अर्थ पुन्हा स्थापित केला. अखेर १९६२ मध्ये केदारनाथ सिंग निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेडरल न्यायालयाची बाजू उचलली. भावनेकडून कृत्याकडे येण्याच्या या प्रवासाला ६५ वर्षे लागली.

२०२३ च्या निकालानंतरही सारी दारे बंद झालेली नाहीत. कलम ३८ मध्ये संघटनेच्या कारवाया पुढे नेण्याच्या ‘उद्देशाने’ संबंध ठेवणे असे शब्द आहेत. केरळमधील दोन तरुणांच्या प्रकरणात, थ्वाहा फसल विरुद्ध भारत सरकार या ऑक्टोबर २०२१ च्या निकालात, न्यायालयाने या उद्देशाचा पुरावा आवश्यक असल्याचे सांगितले. नुसता संबंध पुरेसा नाही. व्हर्नन गोन्साल्विस विरुद्ध महाराष्ट्र राज्य या जुलै २०२३ च्या जामिनाच्या निकालात, हिंसेचा प्रचार करणारे साहित्य केवळ जवळ बाळगणे एवढ्यावरून दहशतवादाचे कलम लागू होत नाही, असे म्हटले गेले.

हजेरीपटाची साक्ष

मुक्त झालेल्या दोघांपैकी एक जण श्रीनगरला काश्मीर विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत होता. स्फोटाच्या दिवशी तो वर्गात हजर होता, असे विद्यापीठाच्या हजेरीपटावर नोंदलेले होते आणि न्यायालयाने ते ग्राह्य धरले. दिल्लीत स्फोट घडवल्याचा आरोप एका शिक्षकाच्या रोजच्या नोंदीपुढे टिकला नाही. या एका नोंदीत कृत्याच्या अटीचे सारे मोल दिसते. आरोपाला तारीख होती, ठिकाण होते. म्हणूनच आरोपीला उत्तर देता आले. ‘२९ ऑक्टोबरला तू दिल्लीत होतास’ हे वाक्य हजेरीपट खोडू शकतो. ‘तू त्यांच्यातला आहेस’ या वाक्याला कोणता हजेरीपट खोडणार? नसल्याची नोंद कोठेही ठेवली जात नाही.

कलम ३८ च्या परंतुकात हीच अडचण कायद्याने स्वतः निर्माण केली आहे. आपण सदस्य झालो तेव्हा संघटनेवर बंदी नव्हती आणि बंदीनंतर तिच्या कोणत्याही कारवाईत आपण भाग घेतला नाही, हे आरोपीने सिद्ध केले तर तो सुटू शकतो. कृत्य केल्याचे सरकारने सिद्ध करण्याऐवजी कृत्य न केल्याचे आरोपीने सिद्ध करायचे, अशी ही उलट मांडणी आहे. जामिनाच्या कडक अटी तिच्यासोबत असतात. त्यामुळे हे सिद्ध करण्याची संधी येईपर्यंत अनेकदा शिक्षेएवढा काळ कोठडीतच सरलेला असतो.

पण या नाण्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे आणि तिच्याविषयी कमी बोलले जाते. कृत्याची अट ही आरोपीवरची मेहेरबानी समजली जाते. वस्तुतः ती पीडिताची हमी आहे. बाजारात मुलांसाठी कपडे घ्यायला गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसाच्या कुटुंबाला एका संघटनेच्या कोणा हितचिंतकाला शिक्षा झाल्याचे काय समाधान? त्यांचा प्रश्न साधा असतो: ती पिशवी कोणी ठेवली? कोणी बनवली? कोणाच्या सांगण्यावरून? या प्रश्नांची उत्तरे कृत्याच्या पुराव्यातूनच मिळतात. संबंधाच्या कलमाखाली दोषसिद्धी पदरात पडू शकते, तेव्हा ही उत्तरे शोधण्याची निकड तपास यंत्रणेला उरत नाही. फाइल बंद होते, आकडेवारीत एक दोषसिद्धी वाढते आणि खरा कर्ता मोकळा राहतो. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण आपण निरपराधाच्या कणवेने वापरतो. तिच्या पहिल्या अर्ध्या भागाकडे, म्हणजे सुटलेल्या चोराकडे, आपले लक्ष जात नाही.

हे केवळ दिल्लीचे दुखणे नाही. ११ जुलै २००६ च्या मुंबई उपनगरी रेल्वेतील स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी मारले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी सर्व १२ आरोपींना मुक्त केले. तो निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरला जाऊ नये, एवढ्यापुरती सर्वोच्च न्यायालयाने त्याला तीनच दिवसांत स्थगिती दिली. त्यानंतर ३१ जुलै २०२५ रोजी, २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपी विशेष न्यायालयातून सुटले. आरोपी निराळे, त्यांच्यामागे उभा राहणारा समाज निराळा, टाळ्या वाजवणारे आणि हळहळणारेही निराळे. मृतांच्या घरचा प्रश्न मात्र तिन्ही ठिकाणी एकच राहिला.

काळजीपूर्वक तपास केला तर काय साधते, याचे उदाहरण सरोजिनी नगरपासून काही किलोमीटरवरच आहे. २१ मे १९९६ रोजी लाजपत नगरच्या बाजारात स्फोट होऊन १३ जण ठार झाले. ६ जुलै २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चौघांना सवलतीविना जन्मठेप दिली. उच्च न्यायालयातून सुटलेले दोघेही त्यांत होते. चोरलेली मोटार, सामानाची खरेदी अशा एकेका दुव्यातून प्रत्येकाचा वाटा न्यायालयाने तपासला. त्याच निकालात खटल्याला लागलेल्या विलंबावर कठोर ताशेरेही होते, आणि २७ वर्षे हा काळ कोणालाही अभिमानास्पद नाही. तरीही कोणी काय केले याचे उत्तर तेथे मिळाले.

महाराष्ट्रापुढील प्रश्न

हा विषय आज मराठी वाचकासाठी केवळ अभ्यासाचा नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. संयुक्त समितीच्या चर्चेनंतर त्याचा रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या व तत्सम संघटनांपुरता असल्याचे स्पष्ट करण्यात आले. बेकायदा ठरवलेल्या संघटनेचे सदस्यत्व, तिच्या सभेतील सहभाग किंवा वर्गणी यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद व तीन लाखांपर्यंत दंड. सदस्य नसताना मदत केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. गडचिरोलीत पोलिसांनी आणि आदिवासींनी सोसलेले पाहता राज्याला कायद्याची गरज वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु या शिक्षेसाठी हिंसेचे कृत्य घडावे लागत नाही, हेही तितकेच स्पष्ट आहे.

अशा कायद्यांची अंमलबजावणी करणाऱ्यांनी काही गोष्टी स्वतःवर बंधनकारक करून घ्याव्यात. एक: सदस्यत्व हे कृत्य म्हणूनच मांडले जावे. केव्हा सामील झाला, कोठे, कोणासमक्ष, बंदीनंतर कोणत्या तारखेला काय केले, हे आरोपपत्रात प्रत्येक आरोपीपुरते वेगळे लिहिलेले असावे. ‘संपर्कात होता’ हे वाक्य आरोप म्हणून पुरेसे मानू नये. दोन: संघटना बेकायदा ठरल्याचे आरोपीला ठाऊक होते, हे सरकारने दाखवावे. तीन: स्फोट वा हत्येच्या खटल्यात मुख्य आरोप कोसळून केवळ संबंधाचे कलम टिकले, तर तपासाचे स्वतंत्र परीक्षण व्हावे आणि मूळ गुन्ह्याचा तपास संपला असे मानू नये. चार: मुक्त झालेल्या माणसाच्या गेलेल्या वर्षांची भरपाई करण्याची कायदेशीर तजवीज असावी. विधी आयोगाने ३० ऑगस्ट २०१८ च्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांबाबत अशी शिफारस केलेली आहे.

यांतली एकही सूचना दहशतवाद्याला पळवाट देत नाही. ज्याने काही केले आहे, त्याने ते केव्हा आणि कोठे केले हे दाखवायला सांगणे एवढेच त्यांत आहे. हे दाखवणे अवघड असते, हे मान्य. ठगांच्या काळीही ते अवघड होते. म्हणून तेव्हाच्या सरकारने ‘करणे’ सोडून ‘असणे’ पकडले. पस्तीस वर्षांतच ते टोळीवरून जमातीवर, सदस्यत्वावरून जन्मावर येऊन पोहोचले, आणि ती चूक निस्तरायला देशाला स्वतंत्र व्हावे लागले.

सरोजिनी नगरची जुनी दुमजली निवासस्थाने पाडून तेथे आता बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. बाजार मात्र जागच्या जागी आहे आणि दिवाळीच्या आधीच्या शनिवारी तेथे आजही पाऊल ठेवायला जागा नसते. त्या गर्दीचे रक्षण व्हावे ही अपेक्षा रास्तच आहे. त्या रक्षणासाठी राज्यसंस्थेने वीस वर्षांपूर्वी विचारायला हवा होता आणि यापुढेही विचारत राहायला हवा असा प्रश्न एकच आहे: हे कोणी केले? त्याचे उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही उत्तरावर समाधान मानू नये.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)